माटोळीच्या वरची जळमटं

चवथ जवळ आली की दोन गोष्टी हमखास येतात. बाजारात माटोळीचं सामान आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत घर साफ करण्याच्या टिप्स. मथळा दरवर्षी थोडाफार बदलतो. कधी 'धावपळीच्या कुटुंबांसाठी झटपट स्वच्छता', कधी 'हात न पोहोचणारे कोपरे असे करा लख्ख'. बाजूला फोटो ठरलेला. हातात रबरी मोजे, अंगावर इस्त्रीचा कुर्ता, आणि तोंडभर हसणारी बाई. वाचकहो, घर साफ करताना असं हसणारं माणूस तुम्ही कधी पाहिलंय का? मी तरी नाही. आणि दुसरा प्रश्न असा की कुटुंब धावपळीचं आहे म्हणता, मग फोटोत कुटुंबातलं एकच माणूस कसं? बाकीचे गेले कुठे?

हे प्रश्न मला पूर्वी कधी पडले नव्हते, हे आधीच कबूल करतो. मीही ते पान उलटून शब्दकोड्याकडे जाणाऱ्यांतलाच. प्रश्न पडला तो बायको पडली तेव्हा.

तीन वर्षं झाली त्याला. चवथ दोन दिवसांवर आली होती. मी डिचोलीच्या बाजारात माटोळीचं सामान घ्यायला गेलो होतो. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगून तिला फळं, भाज्या, रानातल्या वेली बांधतात, ती माटोळी. कांगलां, आंबाडे, तोरिंगं, चिबूड, सुपारीचे घड अशी पिशवी भरून मी मोठ्या ऐटीत घरी आलो, तर दार उघडं आणि घरात कुणी नाही. शेजारच्यांनी तिला इस्पितळात नेलं होतं. माटोळी ज्या कड्यांना टांगतात त्या कड्यांभोवतीची जळमटं काढायला ती चढली होती. कशावर? प्लास्टिकच्या स्टुलावर पाट ठेवून. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

आता यातली खरी गोष्ट ऐका. आमच्याकडे शिडी नाही. ती शेजारच्या काकांकडे असते आणि माटोळी बांधायच्या दिवशी मी ती मागून आणतो. त्याही वर्षी तसंच ठरलं होतं. म्हणजे माटोळी बांधायला मी चढणार, तर शिडी हवी. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाऊ, खाली आणखी एकजण शिडी धरायला. आणि त्याच कड्यांची जळमटं काढायला ती चढणार, तर स्टुलावर पाट, आणि धरायला कुणी नाही. छत तेच, उंची तीच, कड्यासुद्धा त्याच.

भेटायला आलेल्या मंडळींनी काय म्हणावं? "या दिवसांत जरा सांभाळून चढायला नको का?" "पण एवढी घाई काय होती?" "नेमकं चवथीच्या तोंडावर!" एकानेही मला विचारलं नाही की बाबा रे, ती वर होती तेव्हा तू कुठे होतास. विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं, मी देवाच्या कामाला गेलो होतो.

त्या रात्री राहिलेली साफसफाई करायला मी उभा राहिलो. आईने पाहिलं आणि सवयीने म्हणाली, "तूं राव, तुका जमचें ना." वय माझं चव्वेचाळीस. कचेरीत तीस वर्षांच्या फायलींच्या रॅकवर चढून जुनी कागदपत्रं शोधून काढणारा मी, मला झाडू जमणार नाही! आईला वाईट वाटेल म्हणून तेव्हा गप्प राहिलो. पण हे वाक्य म्हणजे आमच्यासारख्यांना जन्मभर मिळालेली रजाच होती, हे त्या रात्री कळलं.

मग ती पुरवणी काढली आणि टिप्सप्रमाणे कामाला लागलो. म्हणजे या टिप्सवर मी नुसती वाचून टीका करत नाही, स्वतः करून पाहून करतोय.

पहिली टीप, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करा, फेस येईल, डाग पळतील. फेस भरपूर आला. डाग जागच्या जागी. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या पुतणीने हसत सांगितलं की काका, एक आम्ल आणि एक अल्कली, ती दोघं एकमेकांनाच मारून टाकतात. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, त्याने काय साफ होणार? दोन्ही वेगवेगळे वापरले तर कामाचे आहेत. नळावरच्या पांढऱ्या थराला व्हिनेगर, ओट्याच्या चिकटपणाला सोडा. विहिरीच्या पाण्यात लोह असलं की बादल्यांवर तांबूस थर धरतो, त्यालाही आंबटच लागतं. आमची आजी बिंबलं आणि चिंचेचा चोथा घेऊन तांब्यापितळेची भांडी घासायची, ती कुठल्या पुरवणीत वाचून नव्हे.

दुसरी टीप मोबाइलवर फिरत आली होती. न्हाणीघराच्या हट्टी डागांसाठी टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच मिसळा म्हणे. हे कुणी करू नका. कधीही करू नका. या दोघांच्या मिसळण्यातून क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्रच्या रणभूमीवर जर्मनांनी शत्रूवर सोडला होता तोच. आपल्याकडची न्हाणीघरं म्हणजे चार बाय सहाची, वर एक वीतभर झरोका, आणि पाणी उडू नये म्हणून दार लावून आत घासत बसलेली बाई. असली टीप पुढे पाठवणाऱ्याने स्वतः कधी न्हाणीघर घासलेलं नसतं, एवढं मी पैजेवर सांगतो.

तिसरी टीप, एक्झॉस्ट फॅनची पाती गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजत ठेवा. ही बरोबर आहे, तेलकट थर सुटतो. पण पाती ॲल्युमिनियमची असली तर काळी पडतात, हे लिहिलेलं नव्हतं. आमची काळी पडली. आणि आधी फॅनचा प्लग काढा, हेही लिहिलेलं नव्हतं.

चांगल्याला चांगलं म्हणायला हवं. छताच्या पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून पुसत आणला की धूळ अभ्र्यात राहते, डोक्यावर पडत नाही, ही टीप शंभर टक्के खरी. पण पंख्यापर्यंत चढायचं कशावर आणि कुणी, यावर एक अक्षर नाही.

आणि ज्या जागा खरोखर महत्त्वाच्या, त्यांचा तर उल्लेखच नाही. फ्रिजच्या मागे खाली एक ट्रे असतो, त्यात पाणी साचतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ते लवकर सुकत नाही. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. म्हणून ट्रे नुसता ओतून चालत नाही, घासावा लागतो, आणि दर आठवड्याला. तसंच सरकत्या खिडक्यांचं. खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की पावसाचं पाणी आत येतं, भिंत ओली होते, मग कपाटामागे बुरशी. आपल्या गोव्यात चार महिन्यांत सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो. इथे कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवणं म्हणजे बुरशीला भाड्याने खोली देणं. चार बोटं जागा सोडली की वारा खेळतो. बुरशी कोरड्या ब्रशने झाडली तर तिची बीजं घरभर उडतात, आधी ओल्या फडक्याने पुसावी लागते. दम्याच्या माणसाला या गोष्टी चांगल्या ठाऊक असतात. पुरवणीतल्या हसऱ्या बाईला नसाव्यात.

पण मी हा लेख टिप्सच्या चुका काढायला लिहिलेला नाही. सगळ्या टिप्स उद्या अचूक झाल्या तरी माझं भांडण राहणारच. भांडण आहे ते 'कुटुंब' या शब्दाशी.

आमच्या कचेरीत एक नियम न लिहिता सगळ्यांना ठाऊक असतो. परिपत्रकाच्या शेवटी 'संबंधितांनी आवश्यक ती कारवाई करावी' असं लिहिलं की काहीच होत नाही. काम व्हायला हवं असेल तर नाव, हुद्दा आणि तारीख लिहावी लागते. 'धावपळीच्या कुटुंबांसाठी' या शब्दांचंही तसंच. फरक एवढाच की कचेरीत 'संबंधित' म्हणजे कुणीच नाही आणि घरात 'संबंधित' म्हणजे एकटी ती. कुटुंब म्हणायचं आणि काम तिच्या अंगावर टाकायचं. वर टीप दिली की उपकार केल्यासारखं.

हे माझ्या एकट्याच्या घरचं रडगाणं नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि तेच काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. नीट वाचा, हे 'काम करणाऱ्या' पुरुषांचं आहे. मुळात असं काम करणारे पुरुष चारात एक. पुढे २०२४ ची पाहणी आली. बायकांची मिनिटं २८९ झाली. दहा मिनिटं कमी, बरं झालं म्हणाल. पण पुरुषांची ९७ वरून ८८ वर आली! म्हणजे बाईची सुटलेली दहा मिनिटं आपण उचलली नाहीत. मिक्सर आले, वॉशिंग मशीन आली, टिप्सनी पुरवण्या भरल्या, आणि पुरुषांनी आपली नऊ मिनिटंही काढून घेतली.

आता कुणी म्हणेल, बुवा, ही आपली संस्कृती आहे. तर त्याचाही समाचार घेऊ. लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला लक्ष्मी म्हणतो, हळदकुंकू वाहतो. पूजेला बसणारा बहुतेक घरांत पुरुषच. दुसऱ्या दिवशी ती लक्ष्मी कुणाच्या हातात जाते? गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. १९५६ साली ते गेले, तेव्हापासून आपण कीर्तन तेवढं लक्षात ठेवलं आणि झाडू पुतळ्याच्या हातात दिला. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं. तेव्हापासून दर २ ऑक्टोबरला साहेबापासून शिपायापर्यंत आम्ही सगळे हातात झाडू घेऊन रांगेत उभे राहतो, फोटो निघतो. मीही त्या फोटोंत आहे. रस्त्यावरचा झाडू म्हणजे देशसेवा आणि घरातला झाडू म्हणजे बायकी काम, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

आणि 'हात पोहोचत नाही' हे तर आम्हा गोंयकारांनी मुळीच सांगू नये. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आमच्या वाड्यावाड्यावर नरकासुर उभे राहतात. दुमजली घराएवढे असुर! बांबूच्या सांगाड्यावर चढून त्यांची डोकी बसवणारी पोरं रात्र रात्र जागतात. त्याच पोराला घरी सांगा, बाबू, तो माळ्यावरचा खोका काढ आणि मागचा कोपरा पूस. "आई, मागीर." हात पोहोचतो हो, मन पोहोचत नाही. घरातले 'न पोहोचणारे कोपरे' म्हणतात ते उंचीने कठीण नसतात. सहा फूट उंचीचा बाप आणि पावणेसहा फुटांचा मुलगा घरात असताना पाच फूट उंचीची बाई स्टुलावर चढते म्हणून ते कठीण होतात.

यावर मला जी उत्तरं मिळाली ती अशी.

पहिलं, "आम्ही मदत करतो की!" मदत शेजाऱ्याला करतात. स्वतःच्या घरात ज्याला मदत म्हणतात, त्यात कामाची मालकी दुसऱ्याची, हे आधीच ठरलेलं असतं. मी पंखा पुसला की घरी आलेल्या चार माणसांना सांगितलं जातं. तिने दहा वर्षं पुसला ते कुणाला सांगितलं होतं?

दुसरं, "तिला दुसऱ्याने केलेलं पसंत पडत नाही." अर्धं खरं आहे. माझी बायकोही प्लास्टर बांधलेला हात गळ्यात अडकवून मागून सूचना देत होती, तो कोपरा राहिला, फडकं पिळून घ्या हो. पण नव्या कारकुनाचं पहिलं टिपण साहेबाला पसंत पडतं का? लाल शाईने परत येतं. म्हणून कुणी त्याला लिहायचं सोड असं सांगत नाही. चार वेळा परत आलं की पाचव्यांदा नीट येतं. झाडूचंही तसंच.

तिसरं उत्तर सगळ्यात चलाख, "आम्ही कामवाली ठेवलीय." ठेवा, जरूर ठेवा. पण तिला काय सांगता ते ऐका. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीच्या कठड्यावर उभं राहून बाहेरून काच पुसायला सांगणारी सभ्य माणसं मी पाहिली आहेत. स्वतःची मुलगी तिथे उभी केली असती का? दुसऱ्याच्या घरी पंखे पुसून ती आपल्या घरी गेली की तिथेही तिचा नवरा बसलेलाच असतो. कामवाली ठेवल्याने प्रश्न सुटत नाही, तो जिना उतरून दुसऱ्या घरी जातो.

मग करायचं काय? मला उपदेश करायचा नाही. आमच्या घरी काय ठरलं तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट, आम्ही शिडी विकत घेतली. ॲल्युमिनियमची, पाच पायऱ्यांची. लग्नाला सोळा वर्षं होऊन गेल्यावर! तेवढ्या काळात दोन टीव्ही बदलले होते. वर कुणी चढलं की खाली दुसऱ्याने धरायची, हा नियम माटोळीला होता, तोच जळमटांनाही लावला.

दुसरी गोष्ट, कामांना नावं लावली, कचेरीसारखी. डोक्याच्या वरचं सगळं माझं, म्हणजे पंखे, माळा, जळमटं, एक्झॉस्ट फॅन. जड सरकवायचं आणि मागचं सगळं मुलाचं, म्हणजे फ्रिजचा ट्रे, कपाटामागची भिंत, पलंगाखाली. ट्रे दर रविवारी, बाकीचं महिन्याला. खिडक्यांच्या पट्ट्या पावसाआधी मे महिन्यात, रंगाच्या जुन्या ब्रशने, ज्याला वेळ असेल त्याने नव्हे तर मी आणि मुलाने आळीपाळीने. आई अजून म्हणते, "तुका जमचें ना," पण आता हसत म्हणते.

तिसरी गोष्ट, काही जागाच काढून टाकल्या. हॉलमधलं काचेचं शोकेस दिलं. त्यातल्या बाहुल्यांवरची धूळ पुसण्यात एका माणसाच्या वर्षाला किती दुपारी गेल्या असतील कोण जाणे. घरं बांधणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. छताखाली आणखी एक खोटं छत, भिंतभर कोनाडे, फ्रिजच्या डोक्यावर दीड फुटाची फट... हे आखणाऱ्या इंजिनिअरला ते एकदा स्वतः पुसायला लावा. नकाशा आपोआप सुधारेल.

आणि शेवटची गोष्ट, काही कोपरे मळके राहू द्यायचे ठरवलं. गणपती घरी येतो तो माळ्यावरचा मागचा कोपरा तपासायला येत नाही. तपासतात ते पाहुणे, आणि बोल लावतात तो तिला. घर मळकं दिसलं तर यापुढे मला बोला, असं मी आमच्या नातेवाइकांना स्पष्ट सांगून टाकलंय. दोघंतिघं रागावले. रागावू देत.

त्या वर्षी माटोळी बांधताना मी शिडीवर होतो. खाली ती प्लास्टरचा हात सावरत उभी, डाव्या हाताने एकेक कांगलां मला वर देत होती. कड्यांभोवती थोडी जळमटं राहिलेली मला वरून स्पष्ट दिसली, आदल्या रात्री माझ्या नजरेतून सुटलेली. खालून ती कधीच दिसत नाहीत. इतकी वर्षं मी इथे चढत आलो, तेव्हा ती नसायचीच. मला वाटायचं, आमचं छतच स्वच्छ आहे.

पुरवणीवाल्यांना एकच विनंती. पुढच्या चवथीला टिप्स जरूर छापा. फक्त फोटोतल्या बाईला खाली उतरवा आणि तिच्या हातातलं फडकं बाजूला शब्दकोडं सोडवत बसलेल्या माणसाच्या हातात द्या. त्याला हसायला सांगू नका. हसू येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.